मूळपुरुषाचा हट्ट : जाटांच्या इतिहासलेखनाविषयी काही आक्षेप

एम. ए.च्या वर्गात 'भाऊसाहेबांची बखर' शिकवीत होते. पानिपतच्या मोहिमेत सुरजमल जाटाचे प्रकरण आले आणि मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, हे जाट मूळचे कोण?" मी क्षणभरही न थांबता उत्तर दिले, "शक. मध्य आशियातून आलेले." त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि आम्ही पुढे गेलो. घरी आल्यावर माझी जुनी वही काढून पाहिली. समासात विद्यार्थिदशेतल्या अक्षरात तीनच शब्द होते : 'जाट, शक, टॉड'. म्हणजे वीसएक वर्षे मी एक न तपासलेले विधान सांभाळून ठेवले होते आणि आता ते पुढच्या पिढीच्या समासात लिहून दिले होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका चर्चासत्रात नेमक्या याच विषयावरचा निबंध ऐकायला मिळाला. वक्त्यांनी धातुपाठापासून सुरुवात केली. महाभारत, चांद्र व्याकरण, हिरोडोटस, गुप्त सम्राट असा प्रवास वीस मिनिटांत पुरा केला आणि जाट हे भारतवर्षाचे आद्य राज्यकर्ते असल्याचे जाहीर केले. प्रश्नोत्तरांच्या वेळी दुसरे एक विद्वान उठले. हा सारा कल्पनाविलास आहे, जाटांचा उल्लेख करणाऱ्या जुन्या ग्रंथांनी त्यांना हीनच लेखले आहे आणि तोच काय तो खरा इतिहास, असे त्यांनी सुनावले. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मला दोघांचेही म्हणणे पटले नाही. दोघांची चूक एकच आहे आणि ती इतिहासाची नसून वाचनाची आहे, असे माझे मत आहे. म्हणूनच साहित्याच्या शिक्षकांनी या वादात तोंड घालण्यात गैर काही नाही.

१.

आधी नामसाम्याचा विचार करू, कारण जाटांच्या मूळशोधाचा सगळा डोलारा त्याच खांबावर उभा आहे. जेम्स टॉडचा राजस्थानच्या इतिहासावरील ग्रंथ १८२९ आणि १८३२ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात त्याने जाटांचे नाते ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेल्या 'गेताइ' आणि 'मस्सागेताइ' यांच्याशी जोडले. पुढे अलेक्झांडर कनिंगहॅमने प्लिनी-टॉलेमींच्या 'इआती'कडे आणि स्ट्रेबोच्या 'झांथी'कडे बोट दाखवले. या वाटेने चालत गेलेल्या उत्साही मंडळींना मग डेन्मार्कचे 'ज्यूट' आणि युरोपातले 'गॉथ'ही आपलेच भाऊबंद वाटू लागले.

हिरोडोटसचे गेताइ डॅन्यूबच्या काठचे, थ्रेसमधले. त्याचे मस्सागेताइ कॅस्पियनच्या पलीकडचे. या दोघांचा परस्परांशी काय संबंध, हेच आधी सिद्ध करावे लागेल. शिवाय ग्रीक नावातला 'ग' जाटांच्या 'ज'मध्ये कोणत्या ध्वनिनियमाने बदलला? इंग्रजी वाचनात त्या 'ग'चा उच्चार 'ज' असा होतो हे खरे. पण तो इंग्रजी वाचकाच्या जिभेचा गुण आहे. त्यासाठी सिंधूकाठच्या पशुपालकांना जबाबदार धरता येणार नाही.

नुसत्या नामसाम्यावर विसंबायचे ठरवले तर आपल्या सांगली जिल्ह्यातील जत संस्थान हे जाटांचे दक्षिणेतील राज्य ठरवायला काय हरकत आहे? तेथे डफळे राज्य करीत होते, ही अडचण किरकोळ म्हणून बाजूला सारता येईल. आपण हसतो, कारण जत आपल्याला माहीत आहे. डॅन्यूबचा काठ माहीत नसतो, म्हणून तेथे हसू येत नाही.

पाणिनीय धातुपाठात 'जट' हा धातू 'संघात' म्हणजे एकत्र येणे या अर्थी दिलेला आहे. तेवढ्यावरून पाणिनीला जाटांचे गणसंघ ठाऊक होते, असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. त्याच अर्थी, त्याच्याच शेजारी, 'झट' हा धातूही दिला आहे. मग हे झट कोणत्या समाजाचे पूर्वज? शंकराच्या जटेतून जाट निघाले, ही लोककथा मला या व्युत्पत्तीपेक्षा अधिक आवडते. ती आपण कथा असल्याचे लपवीत नाही.

नामसाम्याचा एक दावा मात्र असा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. महाभारताच्या कर्णपर्वात शाकल नगर, आपगा नदी आणि तेथले 'जर्तिक' नावाचे वाहीक यांचा उल्लेख आहे. 'जर्त'पासून 'जट्ट' आणि त्यावरून 'जाट' हा विकास प्राकृताच्या नियमांत बसतो. मराठीच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगायलाही नको. 'वर्त्म'चे 'वट्ट' आणि 'वट्ट'ची 'वाट' झालेली आपण रोज तुडवतो. चांद्र व्याकरणाच्या वृत्तीतही भूतकाळाच्या उदाहरणादाखल तीन शब्दांचे एक वाक्य येते. त्याचा अर्थ, 'जर्ताने हूणांना जिंकले.' वक्त्याच्या हयातीत घडलेली, पण त्याने न पाहिलेली घटना कोणत्या भूतकाळात सांगावी याचे ते उदाहरण आहे. व्याकरणकार अशी उदाहरणे समकालीन घटनांतून घेतात. पतंजलींच्या महाभाष्यातील यवनांनी साकेताला घातलेल्या वेढ्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. तेव्हा चांद्र व्याकरणातले हे वाक्य टाकाऊ नाही.

परंतु याच 'जर्त'ला लेखनदोष मानून 'गुप्त' असा पाठ काही अभ्यासकांनी सुचवला. हूणांशी लढलेला स्कंदगुप्त सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. म्हणजे एका पाठाने हूणविजयाचे श्रेय जाटांना मिळते, दुसऱ्याने ते गुप्तांना जाते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आपणांस यातली गंमत कळायला हवी. एका शब्दाच्या वाचनावर जेथे सम्राट बदलतात, तेथे 'बहुधा', 'कदाचित', 'शक्य आहे' ही क्रियाविशेषणे लाजेची नसतात. अभ्यासकाच्या प्रामाणिकपणाची तीच खूण असते. चर्चासत्रातील निबंधात मला ती एकदाही ऐकू आली नाहीत. ध्वनिदृष्ट्या शक्य असणे आणि प्रत्यक्षात घडलेले असणे यांत जे अंतर आहे, ते निबंधवाचकांनी एका उडीत ओलांडले.

२.

आता गुप्त सम्राटांकडे वळू. काशीप्रसाद जायसवाल हे नाव आदरानेच घ्यावे असे. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी गुप्त हे मूळचे 'कारस्कर' जाट होत, असे मांडले. आधार कोणता? 'कौमुदीमहोत्सव' नावाचे एक संस्कृत नाटक. त्यात मगधाच्या राजाचा दत्तक पुत्र चंडसेन लिच्छवींशी संधान बांधून राज्य बळकावतो, आणि त्याला कारस्कर म्हणून हिणवले जाते. चंडसेन म्हणजे पहिला चंद्रगुप्त, असे जायसवालांनी गृहीत धरले. कारस्कर म्हणजे पंजाबातले कक्कड जाट, असे ओघाने आले.

दुसरा आधार आपल्या अंगणातला आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी. विदर्भात तिने राज्यकारभार पाहिला. पुणे ताम्रपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपटात आणि रिद्धपूरच्या ताम्रपटात ती आपले गोत्र 'धारण' असे सांगते. महानुभावांचे रिद्धपूर म्हटले की आपल्याला 'लीळाचरित्र' आठवते. त्याच भूमीत सापडलेल्या या पत्र्यावर गुप्तांच्या गोत्राचा पुरावा कोरलेला आहे, हे मराठीच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? विवाहानंतरही माहेरचे गोत्र सांगणारी ही राणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जायसवालांनी मात्र त्या 'धारण'ला जाटांच्या एका मिळत्याजुळत्या गोत्रनावाशी जोडले आणि पुढे गेले.

इतर विद्वानांनी याच 'धारण'वरून गुप्तांना ब्राह्मण ठरवले, तर 'गुप्त' या नामान्त्यावरून काहींनी वैश्य. ताम्रपट तोच, राजघराणे तेच आणि जाती मात्र वेगवेगळ्या. अशा वेळी ताम्रपटाच्या प्रामाण्याविषयी शंका घ्यायचे कारण नाही; आपण त्याला नको तो प्रश्न विचारीत आहोत, एवढाच याचा अर्थ. पाचव्या शतकातल्या राणीने विसाव्या शतकाच्या जातियादीत आपले नाव शोधून ठेवलेले नसते.

नाटकाची कथा तर याहून बिकट. 'कौमुदीमहोत्सव' हे गुप्तांच्या नंतरचे आहे, असे पुढच्या पुष्कळ इतिहासकारांचे मत पडले. पण ते समकालीन असते तरी काय? खलनायकाच्या कुळाचा उद्धार करणे हा नाटककाराचा हक्क आहे. ती वंशावळीची नोंद नव्हे. उद्या कोणी 'रायगडाला जेव्हा जाग येते' वाचून शिवकालीन राजघराण्याचे दफ्तर हाती लागले असे म्हणू लागला, तर आपण त्याला पहिल्या वर्षाच्या वर्गात परत बसवू. मग पंधराशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराला हा न्याय का नाही?

३.

येथपर्यंत वाचून चर्चासत्रातले दुसरे विद्वान खूश झाले असतील. त्यांना सांगायचे ते याहून कडक आहे.

कर्णपर्वातील तो जर्तिकांचा उल्लेख कोणाच्या तोंडी आहे? कर्णाच्या. कोणाला उद्देशून? शल्याला. शल्य हा मद्रांचा राजा, युद्धात कर्णाचा सारथी, आणि सारथ्य करता करता कर्णाचे मनोधैर्य खच्ची करण्याचे त्याचे काम चाललेले. चिडलेला कर्ण त्याच्या देशाचा, तेथल्या आहाराचा, तेथल्या स्त्रियांचा उद्धार करतो, तोही कोणा ब्राह्मणाकडून ऐकलेल्या गोष्टींच्या हवाल्याने. म्हणजे ऐकीव निंदा, रागाच्या भरात, शत्रुवत झालेल्या माणसाच्या तोंडावर. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत प. ल. वैद्यांनी संपादित केलेले हे पर्व उघडून संवादाची चौकट पाहिली तर कोणालाही हे दिसेल. या शिव्यांना समाजवर्णन मानणारा वाचक आणि 'कौमुदीमहोत्सवा'तल्या शिवीतून सम्राट काढणारा वाचक, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. एकाला शिवीत वैभव सापडते, दुसऱ्याला शिवीत सत्य. शिवी देणाऱ्याकडे दोघांचेही लक्ष नाही.

'चचनामा'चेही तसेच. अली कूफीने हा फारसी ग्रंथ इ. स. १२१६ च्या सुमारास उच येथे सिद्ध केला. आपण एका जुन्या अरबी ग्रंथाचे भाषांतर करीत आहोत, असे तो सांगतो. त्यात सिंधच्या चच राजाने ब्राह्मणाबादच्या जाटांवर लादलेले निर्बंध येतात : त्यांनी तलवार बाळगू नये, उंची वस्त्रे नेसू नयेत, घोड्यावर खोगीर घालू नये, अनवाणी आणि उघड्या डोक्याने फिरावे, बाहेर पडताना कुत्री बरोबर ठेवावीत, राजाला सरपण पुरवावे. मुहम्मद बिन कासिमने सिंध जिंकल्यावर हेच निर्बंध चालू ठेवले, असेही ग्रंथ सांगतो. मनन अहमद आसिफ यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात 'चचनामा' हा भाषांतरित इतिहास नसून तेराव्या शतकातल्या राज्यनीतीचा ग्रंथ आहे, असे मांडले. ते मान्य केले तर निर्बंधांची ही यादी आठव्या शतकाइतकीच तेराव्या शतकाविषयीही बोलू लागते.

पण ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. खोगिरावर बंदी घालावी लागते ती घोड्यावर बसणाऱ्याला. तलवार काढून घ्यावी लागते ती ज्याच्या कमरेला आहे त्याची. हीनत्वाचा पुरावा म्हणून दाखवली जाणारी ही यादी वास्तविक राज्यकर्त्यांच्या भीतीची नोंद आहे.

अल् बिरूनीचे उदाहरण तर याहून बोलके. अकराव्या शतकात तो कृष्णजन्माची कथा सांगतो आणि कृष्णाचे कुटुंब जाटांचे, गुरे राखणारे, शूद्रांतले होते, असे नोंदवतो. इकडे भरतपूरच्या राजघराण्याने स्वतःला यदुवंशी, म्हणजे कृष्णकुळातले मानले. कृष्ण तोच आणि जाटही तेच. एका लेखणीत त्या नात्याने कृष्णाचे कुळ खाली आले, दुसरीत जाटांचे कुळ वर गेले. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. 'मूळ' म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा सांगणाऱ्याच्या काळातील उतरंडीचे चित्र असते.

इंग्रजांनी हाच खेळ मोजपट्टी घेऊन मांडला. टॉड-कनिंगहॅमसाठी जे शक होते ते हर्बर्ट रिस्लेने १९०८ मध्ये डोकी आणि नाके मोजून 'इंडो-आर्यन' ठरवले. दरम्यान, १८८१ च्या पंजाबच्या जनगणनेवर लिहिताना डेंझिल इबेट्सनने मात्र शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. जाट आणि रजपूत मुळात वेगळे असोत वा नसोत, आज त्यांच्यातला भेद वंशाचा नसून सामाजिक आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते कोणाच्या समासात उतरले नाही. 'शक' हा शब्द अधिक रुबाबदार वाटतो, हेच त्याचे कारण असावे.

हल्ली मोजपट्टीची जागा जनुकांनी घेतली आहे. हरियाणातील राखीगढी येथील उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले आणि तेथील एका स्त्रीच्या सांगाड्याच्या जनुकीय अभ्यासाचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्त्रीत गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमीअधिक प्रमाणात आहे. यातून स्थलांतरे आणि मिश्रणे यांविषयी पुष्कळ कळते. मात्र जनुकावर जातीचे नाव लिहिलेले नसते. जाट नावाचा समाज केव्हा आणि कसा घडला, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो समाजाच्या इतिहासाचाच प्रश्न आहे.

४.

मग नोंदलेला इतिहास काय सांगतो? माझ्या मते तो मूळपुरुषाच्या कोणत्याही कथेपेक्षा अधिक रोमहर्षक आहे.

अरबी ग्रंथांत 'झुत्त' हे नाव येते. ते 'जट्ट'चे अरबी रूप मानले जाते. मात्र अरब लेखक ते सैलपणे वापरतात, हे भान ठेवावे लागते. बलाझुरी नवव्या शतकात लिहितो की सिंधमधून या लोकांना म्हशींसह इराकच्या दलदलीत नेऊन वसवण्यात आले. तेथे त्यांनी बंड केले. खलिफा मुअतसिमच्या काळात, ८३५ च्या सुमारास, ते मोडले गेले आणि त्यांची रवानगी बायझंटाइन सीमेवर झाली. १०२७ मध्ये गझनीच्या महमूदाला सोमनाथच्या स्वारीनंतर सिंधूकाठच्या जाटांशी नदीत लढाई करावी लागली. महमूदाने त्यासाठी लोखंडी सुळे बसवलेल्या चौदाशे नौका बांधल्या, असे गर्दीझी सांगतो. आकडा दरबारी असेल. नौका बांधाव्या लागल्या हे महत्त्वाचे.

या विखुरलेल्या नोंदींना इरफान हबीब यांनी १९७६ च्या आपल्या निबंधात एका सूत्रात ओवले. सातव्या शतकात सिंधमधले पशुपालक, अकराव्या शतकापर्यंत मुलतानकडे सरकलेले, पुढे पंजाबात पसरून शेतीत रुजलेले, आणि १५९५ च्या 'आइने अकबरी'त ठिकठिकाणी जमीनदार म्हणून नोंदले गेलेले, असा हा प्रवास आहे. रहाटगाडग्याने विहिरीचे पाणी शेतात आणणे या स्थित्यंतराला साहाय्यभूत झाले, असे ते म्हणतात. प्रत्येक तपशिलावर वाद होऊ शकेल. पण येथे प्रश्न बदलला आहे. 'हे कोण होते?' याऐवजी 'हे कसे होत गेले?' असे विचारले आहे. प्रश्न बदलताच शेकडो वर्षे, गुरे, नद्या, विहिरी, गावे हे सारे नजरेच्या टप्प्यात येते. सारा इतिहास या 'होत जाण्या'त असतो.

आणि या प्रवासात एके ठिकाणी समाजाचा स्वतःचा आवाजही ऐकू येतो. धन्ना भगत हे जाट संत. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदि ग्रंथात त्यांची पदे आहेत. आसा रागात त्यांच्या पदांच्याच सोबत गुरू अर्जुनदेवांच्या नावाखाली एक पद येते. त्यात आधी नामदेवांची कथा आहे, मग कबीर विणकराची, मग रविदासांची, मग सेना न्हाव्याची; आणि हे सारे ऐकून शेवटी तो जाटही उठला आणि भक्तीला लागला, असा धन्नाचा उल्लेख आहे. पंढरीच्या वाळवंटातून निघालेल्या आपल्या नामदेवांनी जो मार्ग दाखवला, त्या मार्गावरच्या नामावळीत जाट शेवटी येऊन उभा राहतो. कोणतेही राजकुल त्याच्यामागे लावलेले नाही. धनासरी रागातल्या दुसऱ्या एका पदात धन्ना देवाकडे मागणे मागतो : डाळ, पीठ, तूप, पायताण, चांगले धान्य, दुभती गाय-म्हैस, एक उत्तम घोडी आणि घर सांभाळणारी चांगली बायको. मला हे पद शकांच्या साऱ्या टोळधाडींपेक्षा मोलाचे वाटते. घोडी मागणारा हा माणूस आणि खोगिराला बंदी घालणारा तो कायदा शेजारी ठेवून पाहावेत. जाटांचा प्राचीन इतिहास शिकवायचा तर मी तो येथून शिकवीन.

पुढची पाने आपल्या परिचयाची आहेत. १६६९ मध्ये तिलपतला गोकुलाचा उठाव, १६८८ मध्ये राजारामाने सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीवर घातलेला घाला, चुडामण, बदनसिंह आणि मग १७६३ मध्ये मृत्यू पावलेला सुरजमल. औरंगजेबाच्या सत्तेशी लढणारे हे शेतकरी आपल्याकडच्या शिवकालाचे समकालीन आहेत. पानिपतनंतर उपाशी, जखमी मराठी माणसे भरतपूरच्या राज्यात पोहोचली तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा मिळाला. आपल्या बखरींना आणि कादंबऱ्यांना मात्र भाऊंना सोडून गेलेला सुरजमल अधिक आठवतो. २०१९ मध्ये 'पानिपत' हा हिंदी चित्रपट आला तेव्हा सुरजमलच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली. तोडफोडीचे समर्थन करता येत नाही. पण आपणही त्या माणसाला इतकी वर्षे आपल्या पराभवाच्या कथेतले एक दुय्यम पात्र म्हणूनच पाहत आलो, हे कबूल केले पाहिजे.

५.

"अहो, पण लोकांना वैभवाची गरज असते," असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. ठाकुर देशराज यांचा हिंदी 'जाट इतिहास' १९३४ मध्ये निघाला. त्यातल्या प्राचीन भागावर वर केलेले बहुतेक आक्षेप लागू पडतात. परंतु त्याच वर्षी सीकर येथे जाट प्रजापती महायज्ञ झाला आणि जाटांनी हत्तीवरून मिरवणूक काढण्यावरून तेथल्या ठिकाणेदारांशी संघर्ष उभा राहिला. स्वतः देशराज शेखावाटीच्या शेतकरी चळवळीतले होते. ज्यांना हत्तीवर बसू दिले जात नाही त्यांनी ग्रंथात सम्राट शोधले, तर त्यांची टिंगल करण्याचा अधिकार आरामखुर्चीतल्या अभ्यासकाला नाही. नोनिका दत्त यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात ही अस्मिता आर्यसमाज, सभा आणि छापील पुस्तके यांतून कशी घडत गेली, हे सहानुभूतीने दाखवले आहे.

पण १९३४ ची गरज आज तशीच्या तशी उभी आहे काय? हरियाणात जाट हा दीर्घकाळ प्रबळ समाज आहे. २०१० मध्ये तेथल्या मिरचपूर गावात दलितांची घरे जाळली गेली, एक वृद्ध आणि त्याची अपंग मुलगी जळून मेली. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जाट समाजातील अनेक आरोपींना दोषी ठरवले. ज्यांच्यावर कधी खोगिराची बंदी होती त्यांच्यातलेच काही जण दुसऱ्यांच्या दारी आग घेऊन गेले. आद्य राज्यकर्त्यांची वंशकथा या प्रसंगाविषयी काय सांगते? ती गप्प बसते. उलट, आपण जन्मजातच राज्यकर्ते आहोत असे मानणाऱ्याला ती बळच देते. नोंदलेला इतिहास मात्र बोलतो. अपमान काय असतो हे तुमच्या पूर्वजांना ठाऊक होते, एवढे तरी तो सांगतो.

दुसरीकडे, २०१४ मध्ये केंद्राने नऊ राज्यांतील जाटांना मागासवर्गीयांच्या यादीत घेतले, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी आकडेवारी पुरेशी नाही असे सांगून तो निर्णय रद्द केला, आणि २०१६ मध्ये हरियाणात हिंसक आंदोलन पेटले. व्यासपीठावर सम्राटांचे वंशज आणि अर्जावर मागास, ही ओढाताण हसण्याजोगी नाही. शेती परवडेनाशी झालेल्या समाजाची ती खरी व्यथा आहे. आपल्याला तर ती परकी वाटण्याचे कारणच नाही. राजवाड्यांनी 'राधामाधवविलासचंपू'च्या प्रस्तावनेत मराठ्यांच्या मुळाचा जो शोध घेतला तो एका टोकाला आणि २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटातील कुणबी नोंदींसाठी निघालेला शासननिर्णय दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत आपलेही घर आहे. शेतकऱ्याचे दुःख आजच्या भावांत, आजच्या कर्जात, आजच्या शिक्षणात आणि नोकरीत मोजावे. त्यासाठी त्याला आधी क्षत्रिय आणि मग शूद्र असल्याचा दाखला जुन्या पोथ्यांतून आणायला लावणे, ही आपल्या विद्वत्तेने त्याच्यावर लादलेली वेठबिगारी आहे.

६.

या सगळ्यात साहित्याच्या शिक्षकाचे काम काय? वाक्य कोणाच्या तोंडी आहे, कोणाला उद्देशून आहे, कोणत्या प्रकारच्या लेखनात आहे आणि हस्तलिखितात ते कसे वाचले गेले, हे चार प्रश्न विचारायला शिकवणे. हे प्रश्न आपण कवितेपुरते राखून ठेवतो आणि जातीचा विषय निघाला की वर्गाबाहेर सोडून देतो. मग कर्णाची शिवी समाजशास्त्र होते, नाटकातला टोमणा वंशावळ होते, आणि शेजारच्याच पानावर तूप-पीठ मागणारा धन्ना कोणालाही दिसत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला म्हटले, "मागच्या वेळी सांगितले ते खोड." त्याने विचारले, "मग काय लिहू?" मी सांगितले की सातव्या-आठव्या शतकापासून सिंधूच्या काठी गुरे राखणाऱ्या, मग शेती करणाऱ्या, मग राज्य उभारणाऱ्या लोकांना हे नाव लागत गेले, त्याआधीचे एकदोन उल्लेख असू शकतील, पण ते वादग्रस्त आहेत. तो म्हणाला, "मॅडम, हे समासात मावत नाही." मी म्हटले, "मग नवे पान घे."